पौरुषाचा आकडा

रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या 'मर्दाना ताकद'च्या जाहिराती आता फिकट झाल्या आहेत, पण तो धंदा काही बसलेला नाही. तो प्रयोगशाळांच्या पॅकेजांत, जिमच्या काउंटरवर आणि मोबाइलच्या रीलमध्ये जाऊन बसला आहे. पूर्वी तंबूतला वैदू 'कमजोरी' म्हणायचा. आता रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉनचा आकडा येतो, शेजारी 'नॉर्मल रेंज' छापलेली असते आणि आपला आकडा त्या रेंजच्या खालच्या टोकाशी पाहून पस्तिशीतला धडधाकट माणूस झोप घालवून बसतो. भाषा बदलली, समजूत तीच राहिली: पुरुषत्व हा शरीरातला एक साठा आहे, तो कोणाकडे जास्त असतो, कोणाकडे कमी, तो वयाबरोबर आटतो आणि बाहेरून भरता येतो.

ही समजूत उथळ आहे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी नीतिशास्त्रात शिरायची गरज नाही, शरीरशास्त्र पुरेसे आहे. टेस्टोस्टेरॉन हा साठा नाही, तो एक निरोप आहे. तो किती बनवायचा याचा निर्णय वृषणांचा नसतो, मेंदूचा असतो. तो रक्तात किती आहे यावरून पेशीत काय घडेल हे सांगता येत नाही. आणि त्याच्या पातळीमुळे माणसाच्या वागण्यात फरक पडतो, तसाच माणसाच्या जगण्यामुळे त्या पातळीतही पडतो. हे तीन मुद्दे मान्य केले, तर 'माझे टेस्टोस्टेरॉन किती?' हा प्रश्न अपुरा ठरतो आणि 'ते वाढवू कसे?' हा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत गैरलागू.

१. साठा आहे तरी कुठे?

साठ्याच्या कल्पनेला विज्ञानाचा मुलामा पहिल्यांदा चढला तो एकोणिसाव्या शतकात. १८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे आर्नोल्ड बेर्थोल्ड यांनी कोंबड्याच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. वृषणे काढलेली पिल्ले मोठी झाली तरी त्यांचा तुरा वाढला नाही, ती आरवली नाहीत, भांडली नाहीत. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा रोवले, ती मात्र रीतसर कोंबडे झाली. रोवलेल्या वृषणाच्या मूळच्या नसा तुटलेल्या होत्या, तेव्हा परिणाम रक्तावाटेच होत असला पाहिजे, हा बेर्थोल्ड यांचा निष्कर्ष अचूक होता. त्याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही.

गाजावाजा झाला तो चाळीस वर्षांनी. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, जाहीर केले की कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतल्याने आपली शक्ती परतली आहे. युरोपभर या अर्काची लाट उसळली. पुढे सर्ज व्होरोनॉफ यांनी श्रीमंत म्हाताऱ्यांना माकडांच्या वृषणांचे काप बसवले. व्हिएन्नाच्या ऑयगन श्टायनाख यांनी शुक्रवाहिनी बांधून तारुण्य परत आणण्याचा दावा केला, आणि ती शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत फ्रॉइड होते, कवी येट्सही होते. बुद्धिमत्तेने या मोहापासून संरक्षण मिळत नाही, एवढे यातून दिसते.

ब्राउन-सेकार यांच्या अर्कात होते काय? २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो त्यांच्याच पद्धतीने पुन्हा बनवून पाहिला. त्यातले टेस्टोस्टेरॉन इतके नगण्य निघाले की त्याचा शरीरावर कसलाही परिणाम होणे शक्य नव्हते. असे का, याचे उत्तर अॅमस्टरडॅममध्ये १९३५ सालीच मिळाले होते. एर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने टेस्टोस्टेरॉन प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेव्हा बैलांच्या सुमारे शंभर किलो वृषणांतून त्यांच्या हाती जेमतेम १० मिलिग्रॅम पदार्थ लागला. स्वादुपिंड इन्सुलिन साठवते, थायरॉइड ग्रंथी तर काही आठवडे पुरेल एवढा माल बाळगते. वृषणांत तशी कोठी नाही. तिथल्या लायडिग पेशी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि बनेल तसे रक्तात सोडून देतात. प्रौढ पुरुषात हे उत्पादन दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम असते. वर्षाचे एकत्र केले तरी चहाचा चमचा भरणार नाही.

आपल्याकडे हीच कल्पना वीर्याभोवती गुंफली गेली. वीर्य गेले की बळ गेले, या भीतीला इतके रुग्ण बळी पडत की मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये त्या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असे नावच दिले. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून असल्या समजुतींवर तुटून पडत होते आणि त्यापायी खटले ओढवून घेत होते. आजचा जिमवाला तरुण वीर्यनाशाच्या भीतीला हसतो. पण नॅनोग्रॅममध्ये मोजून तो भितो, ती भीती त्याच वंशातली आहे.

२. वृषणे आज्ञेची वाट पाहतात

उत्पादन किती करायचे हे वृषण ठरवत नसेल, तर कोण ठरवते? याचे पहिले नेमके उत्तर शिकागो विद्यापीठातल्या कार्ल मूर आणि डॉरोथी प्राइस यांनी १९३२ च्या सुमारास दिले. त्या काळी स्त्री आणि पुरुष संप्रेरके एकमेकांची वैरी आहेत, असे श्टायनाख मांडत होते. नर उंदराला स्त्रीसंप्रेरक टोचले की त्याची वृषणे खुरटतात, हा त्यांचा पुरावा. मूर आणि प्राइस यांनी नर उंदरांना पुरुषसंप्रेरक टोचून पाहिले, तर त्यानेही वृषणे खुरटली! वैराचा सिद्धांत तिथेच कोसळला. दोन्ही संप्रेरके मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला गप्प करतात आणि तिची आज्ञा थांबली की वृषणे काम थांबवतात, हा त्यांचा उलगडा होता. सोबत पियुषिकेचा अर्क दिला, तर वृषणे शाबूत राहत. विसाव्या शतकातल्या जीवशास्त्रातला हा एक अतिशय सुंदर युक्तिवाद आहे, आणि टेस्टोस्टेरॉनवर बोलणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी या दोघांची नावे ऐकलेली नसतात.

पुढच्या चाळीस वर्षांत साखळी पूर्ण झाली. पियुषिकेच्याही वर, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये, हजार-दोन हजार चेतापेशी विखुरलेल्या असतात. त्या जीएनआरएच नावाचा, दहा अमिनो आम्लांचा एक छोटा रेणू सोडतात. तो पियुषिकेत पोचला की ती एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएच लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते; एफएसएच वृषणांतल्याच सर्टोली पेशींना शुक्राणूंच्या संगोपनाला लावते. तयार झालेले टेस्टोस्टेरॉन, आणि त्यापासून बनणारे इस्ट्रोजेन, मेंदूकडे परत जाऊन सांगतात की पुरे झाले. सर्टोली पेशींचे इनहिबिन एफएसएचपुरता असाच निरोप देते. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरत आले की बॉलकॉक वर उचलला जातो आणि नळ बंद होतो, तसेच. मात्र टाकीचा बॉलकॉक एकाच उंचीवर बसवलेला असतो. मेंदूचा परिस्थिती पाहून वरखाली होतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली आणि रॉजर गियमँ यांच्या एकमेकांशी हाडवैर असलेल्या प्रयोगशाळांनी शोधली. एकाने डुकरांचे मेंदू धुंडाळले, दुसऱ्याने मेंढ्यांचे. १९७७ च्या नोबेलमध्ये दोघांना शेजारी उभे राहावे लागले. पण माझ्या मुद्द्यासाठी त्यांच्या शोधाहून मोलाचा आहे तो पिट्सबर्गच्या अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. रीसस माकडिणींचा स्वतःचा जीएनआरएच बंद पाडून त्यांनी तो बाहेरून दिला. तासाला एक ठोका अशा बेताने दिला, तेव्हा पियुषिका कामाला लागली. तोच रेणू अखंड धारेने दिला, तेव्हा ती बंद पडली.

जरा थांबून या निष्कर्षाकडे पाहावे. पदार्थ तोच, ग्रंथी तीच. बदलला तो फक्त ताल, आणि परिणाम उलटा झाला. साठ्याच्या हिशेबात हे बसतच नाही, कारण त्या हिशेबात जास्त म्हणजे जास्तच. या एका गोष्टीवर आज दोन परस्परविरुद्ध उपचार उभे आहेत. काहींच्या बाबतीत जीएनआरएचच्या चेतापेशी गर्भावस्थेत नाकाच्या भागातून मेंदूकडचा प्रवास पूर्ण करत नाहीत. अशा मुलांना वासही येत नाही आणि ती वयातही येत नाहीत. १९४४ मध्ये वर्णन झालेला हा कालमन सिंड्रोम. छोट्या पंपाने तासा-दोन तासांनी जीएनआरएचचा ठोका दिला, तर अशा पुरुषात यौवन येऊ शकते, शुक्राणूही बनू शकतात. आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात, जिथे टेस्टोस्टेरॉन बंदच पाडायचे असते, तिथे जीएनआरएचचेच ल्युप्रोलाइडसारखे टिकाऊ भावंड देतात. पहिले काही दिवस टेस्टोस्टेरॉन उसळते, मग काही आठवड्यांत वृषणे काढल्यासारखे तळाला जाते. उत्तेजन देणारे औषध अखंड दिले की तेच खच्चीकरणाचे औषध बनते.

३. बाहेरची भर आणि आतले मौन

आता जिमच्या इंजेक्शनाचा हिशेब मांडता येतो. दर आठवड्याला बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूच्या लेखी पुरवठा मुबलक होतो. जीएनआरएचचे ठोके मंदावतात, एलएच आणि एफएसएच जवळपास नाहीसे होतात आणि वृषणे स्वतःचे उत्पादन थांबवून आकसू लागतात. रक्ताच्या रिपोर्टवरचा आकडा मात्र झकास असतो.

इथे एक बारकावा आहे, आणि तो न कळल्यामुळे अनेक संसारांत वर्षे वाया जातात. वृषणाच्या आतले टेस्टोस्टेरॉन रक्तातल्याच्या कित्येक पट, पन्नास ते शंभर पट असते, आणि शुक्राणू बनायला ती आतली दाटी लागते. इंजेक्शनाने रक्त भरते, पण वृषणाचे आतले उत्पादन थांबल्यामुळे तिथे दुष्काळ पडतो. म्हणून पिळदार दंडांचा तरुण वंध्यत्वाच्या दवाखान्यात येतो, तेव्हा त्याच्या वीर्यात शुक्राणू सापडत नाहीत. 'पौरुष वाढवणारे' औषध गर्भनिरोधकाचे काम करत असते. हे अलंकारिक बोलणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनची चाचणी गर्भनिरोधक म्हणूनच घेतली होती. सात देशांतल्या २७१ पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनंथेट टोचले गेले आणि सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक जणांचे शुक्राणू शून्यावर आले. हे निष्कर्ष १९९० सालीच प्रसिद्ध झाले आहेत.

इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांची साखळी पुन्हा सुरू होते, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. मधल्या काळात ना बाहेरचे टेस्टोस्टेरॉन असते ना आतले. थकवा येतो, मन खचते, इच्छा मरते, आणि हेच 'मला इंजेक्शनाची गरज होती' याचा पुरावा समजून माणूस पुन्हा सुईकडे वळतो.

४. पोचलेला निरोप आणि वाचलेला निरोप

समजा, बाहेरून काहीही घेतलेले नाही आणि रक्तातला आकडा खरा आहे. तो तरी काय सांगतो?

रक्तातले जवळपास सगळे टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते: काही एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट, काही अल्ब्युमिनला सैल. पूर्ण मोकळे असते ते दोन-तीन टक्के. स्थूलपणात एसएचबीजी घटते, वयाबरोबर ते वाढते. त्यामुळे एकूण आकडा कमी दिसणाऱ्या जाड माणसाचे मोकळे टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकते, आणि एकूण आकडा चांगला असलेल्या वृद्धाचे कमी. स्वस्त पॅकेजात बहुधा एकूण आकडाच मोजलेला असतो.

पेशीत शिरल्यावर टेस्टोस्टेरॉनचे काय होईल, हे त्या पेशीतली विकरे ठरवतात. प्रोस्टेटमध्ये आणि केसांच्या मुळांशी त्याचे रूपांतर डीएचटी या अधिक प्रखर संप्रेरकात होते. चरबीत, हाडांत आणि मेंदूत अॅरोमॅटेज हे विकर त्याचे इस्ट्रोजेन करते. होय, ज्याला लोक बायकांचे संप्रेरक म्हणतात तेच. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होते, पण इस्ट्रोजेनचा निरोप वाचणारा ग्राही जन्मतःच निकामी होता. तो २०४ सेंटिमीटर उंच होता आणि अजून वाढतच होता, कारण त्याच्या हाडांची टोके जुळलीच नव्हती. आणि ती हाडे ठिसूळ होती. पुढे, २०१३ मध्ये, बॉस्टनच्या जोएल फिंकेलस्टाइन यांच्या गटाने निरोगी पुरुषांत दोन्ही संप्रेरके वेगवेगळी कमी-जास्त करून दाखवून दिले की स्नायूंचा भार टेस्टोस्टेरॉनवर आहे, चरबी वाढणे हा इस्ट्रोजेनच्या कमतरतेचा परिणाम आहे, आणि कामेच्छेला दोन्ही लागतात. 'इस्ट्रोजेन ब्लॉकर' विकत घेणाऱ्या पुरुषांपर्यंत ही बातमी अद्याप पोचलेली दिसत नाही.

शेवटी, निरोप वाचणारा ग्राहीच नसला तर? अँड्रोजेनचा, म्हणजे पुरुषसंप्रेरकांचा, ग्राही पूर्ण निकामी असलेल्या व्यक्तींत एक्सवाय गुणसूत्रे असतात, पोटात वृषणे असतात, रक्तात पुरुषांइतके किंवा त्याहूनही अधिक टेस्टोस्टेरॉन असते, आणि शरीर स्त्रीचे घडते. केवळ आकड्यावर विसंबणाऱ्या कोणत्याही सिद्धांताला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

क्रीडाप्रशासनाला हे अनुभवाने कळले. आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने २०११ मध्ये महिला खेळाडूंसाठी लिटरला १० नॅनोमोलची मर्यादा घातली, पण अँड्रोजेनचा परिणामच न होणाऱ्या खेळाडूंना त्यातून वगळावे लागले. म्हणजे आकड्याचा नियम लिहितानाच आकडा अपुरा असल्याची कबुली त्यात होती. याच नियमाखाली २०१४ मध्ये ओडिशाच्या द्युती चंदला बाहेर ठेवले गेले. तिने क्रीडा लवादात दाद मागितली आणि २०१५ मध्ये लवादाने नियम स्थगित केला. नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो याचा पुरेसा पुरावा महासंघाला देता आला नव्हता. महासंघाने पुढे मर्यादा आणखी कडक केल्या, वाद संपलेला नाही, आणि महिलांच्या स्पर्धेचे रक्षण हा त्यातला रास्त प्रश्न आहे. माझे म्हणणे एवढेच की त्याचे उत्तर एका रक्तचाचणीत मावत नाही.

५. वरखाली होणारा बॉलकॉक

मेंदूने ठरवलेली पातळी आयुष्यभर एकच नसते. गर्भात मुलाचे टेस्टोस्टेरॉन वाढते आणि त्याची जननेंद्रिये घडवते. जन्मानंतर महिन्या-तीन महिन्यांच्या तान्ह्या मुलातही ते वयात येणाऱ्या मुलाइतके चढते आणि सहा महिन्यांच्या आत उतरते. ज्यांना टेस्टोस्टेरॉन म्हणजे आक्रमकता वाटते, त्यांनी पाळण्यात डोकावावे. मग दहा-एक वर्षे साखळी मौनात असते. वृषणे तयार असतात, पियुषिका तयार असते, वरून आज्ञाच येत नाही.

प्रौढपणी पातळी दिवसभरातही हलते. तरुण पुरुषात सकाळच्या मानाने दुपारी चारच्या सुमारास ती वीस ते पंचवीस टक्क्यांनी उतरलेली असते. भरपेट गोड खाल्ल्यावरही ती तात्पुरती घसरते. म्हणून ही तपासणी सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगळ्या दिवशी करायची असते. ऑफिस सुटल्यावर दिलेल्या रक्तावरून कोणी चिंतेत पडला असेल, तर त्याने आधी घड्याळ पाहावे.

उपासमार, गंभीर आजार, अपुरी झोप, अफूजन्य वेदनाशामके, प्रोलॅक्टिन हे पियुषिकेचेच आणखी एक संप्रेरक वाढवणारी औषधे, या सगळ्यांनी पातळी उतरते. अमेरिकी लष्कराच्या रेंजर प्रशिक्षणात आठ आठवडे उपाशी, जागे आणि धावते ठेवलेल्या कसलेल्या जवानांचे टेस्टोस्टेरॉन जवळपास खच्ची केलेल्या पुरुषाच्या पातळीला गेल्याचे नोंदले गेले आहे. पोटभर खायला मिळाल्यावर ते परतलेही. त्यांची ग्रंथी बिघडली नव्हती. प्रजननावर खर्च करण्याची ही वेळ नव्हे, असा शरीराचा तो शहाणा निर्णय होता. मधुमेहातही असेच काहीसे घडते. टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांशांत मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचे बफेलो इथल्या संशोधकांना २००४ मध्ये दिसले, आणि त्यांचे एलएच वाढलेले नव्हते. वृषण थकले असते तर मेंदूने एलएच वाढवून ओरडा केला असता. तो शांत होता, म्हणजे पातळी वरूनच खाली ठेवलेली होती. अशा माणसाला वजन कमी करायला लावले, तर आकडा बऱ्याचदा आपला आपण वर येतो.

सगळ्यांत बोलका पुरावा फिलिपिन्समधल्या सेबू शहरातून आला. ली गेट्लर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ६२४ तरुणांना साडेचार वर्षांच्या अंतराने दोनदा तपासले आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. सुरुवातीला ज्यांचे टेस्टोस्टेरॉन जास्त होते, ते जोडीदार मिळवून बाप होण्याची शक्यता अधिक होती. पण बाप झाल्यावर त्यांचेच टेस्टोस्टेरॉन ठळकपणे उतरले, आणि रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलांचे करणाऱ्यांत ते सर्वांत कमी होते. कमी आकडा म्हणजे कमी पुरुष, असे म्हणणाऱ्याने या बापांना काय म्हणायचे ते ठरवावे.

६. चार आक्षेप

पहिला आक्षेप सरळ आहे: इंजेक्शन घेतल्यावर दंड फुगतात, हे डोळ्यांना दिसते. बरोबर आहे. शलेंदर भसीन यांच्या गटाने १९९६ मध्ये ४३ पुरुषांवर केलेल्या प्रयोगात आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनने दहा आठवड्यांत, व्यायाम न करणाऱ्यांचेही स्नायू वाढले. हे नाकारणारे डॉक्टर आपली विश्वासार्हता घालवून बसले आणि जिममधल्या 'कोच'ला मैदान मोकळे झाले. पण हा डोस कमतरतेच्या उपचारात देतात त्याच्या सुमारे सहापट आहे. शरीर ज्या पट्ट्यात स्वतःला राखते, त्याच्या पार बाहेर नेल्यावर स्नायू वाढतो, यावरून त्या पट्ट्यातल्या (डेसिलिटरला) ४५० आणि ६५० नॅनोग्रॅममधला फरक अर्थपूर्ण ठरत नाही. सर्वसामान्य चिंता या दुसऱ्या फरकाची असते.

दुसरा आक्षेप वयाचा. स्त्रियांना रजोनिवृत्ती, तसे पुरुषांनाही काही असणारच. टेस्टोस्टेरॉन वयाबरोबर उतरते खरे, पण हळूहळू, आणि त्यातला मोठा वाटा वजन व आजार यांचा असतो. युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या २०१० च्या अभ्यासात, लैंगिक लक्षणे आणि कमी पातळी दोन्ही एकत्र असलेले जेमतेम २.१ टक्के निघाले. मग पातळी खरोखर कमी असलेल्या वृद्धांना औषध दिले तर? ६५ वर्षांपुढच्या ७९० पुरुषांवरच्या अमेरिकी चाचण्यांचे मुख्य निष्कर्ष २०१६ मध्ये आले. कामेच्छेत माफक सुधारणा झाली, उत्साहात ठोस फरक दिसला नाही. २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या 'ट्रॅव्हर्स' चाचणीने हृदयविकाराच्या झटक्याची भीती बरीच कमी केली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मात्र हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. आणि पुढच्याच वर्षी कळले की हाडे मोडण्याचे प्रमाणही त्यांच्यातच जास्त होते. हाडे बळकट होतील अशीच सर्वांची अपेक्षा होती.

तिसरा आक्षेप वर्तनाचा: टेस्टोस्टेरॉन माणसाला दांडगट बनवते, हे तर सर्वांना ठाऊक आहे. झुरिकमध्ये २०१० साली क्रिस्टोफ आयझेनेगर आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांना औषधाची एकेक मात्रा देऊन पैशांच्या वाटणीचा खेळ खेळायला लावला. कोणाच्या मात्रेत टेस्टोस्टेरॉन होते, कोणाच्या मात्रेत नव्हते. टेस्टोस्टेरॉन मिळालेल्यांनी वाटणी अधिक न्याय्य केली. आणि आपल्याला टेस्टोस्टेरॉनच मिळाले आहे, अशी ज्यांची समजूत झाली होती, त्यांनी, मात्रेत काहीही असो, कंजूष वाटणी केली. रेणूपेक्षा रेणूची कीर्ती अधिक दांडगट निघाली. संशोधकांचा अंदाज असा की टेस्टोस्टेरॉन प्रतिष्ठा जपायला लावते. जिथे औदार्याने मान मिळतो तिथे औदार्य, जिथे दमदाटीने मिळतो तिथे दमदाटी. एका प्रयोगावर फार मोठी इमारत बांधू नये. पण तुरुंगातला किंवा गल्लीतला पुरुष हिंसक का, याचे उत्तर ग्रंथीत शोधणाऱ्यांना तो अडखळवायला पुरेसा आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: असे लिहून तुम्ही खऱ्या रुग्णांना उपचारांपासून दूर ढकलता. सुमारे सहाशे पुरुषांत एकाला क्लाइनफेल्टर सिंड्रोम असतो, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्त. त्यांतल्या बहुतेकांचे निदान आयुष्यभर होत नाही. कालमन सिंड्रोमची मुले 'उशिरा वाढतात काही जण' म्हणून घरी बसवली जातात. पियुषिकेची गाठ, प्रौढपणी झालेल्या गालफुगीत वृषणांना आलेली सूज, कर्करोगाच्या उपचारांनी झालेली हानी हे सगळे खरे आजार आहेत, आणि त्यांत टेस्टोस्टेरॉन आयुष्य बदलून टाकते. पण या रुग्णांना अंधारात ठेवते ती साठ्याचीच समजूत. तिच्यामुळे निरोगी माणूस रांगेत पुढे घुसतो आणि दाढी न फुटलेला वीस वर्षांचा मुलगा लाजेने दवाखान्याची पायरी चढत नाही. शिवाय या आजारांचे निदान केवळ टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावर होतच नाही. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच चढलेले असेल तर दोष वृषणात. दोन्ही खाली असतील तर वर, मेंदूत किंवा पियुषिकेत, आणि मग प्रोलॅक्टिन तपासायचे, गरज पडल्यास एमआरआय करायचा, रुग्ण कोणती औषधे घेतो ते विचारायचे. मूल हवे आहे का, हेही पहिल्याच भेटीत विचारायचे. कारण दोष वर असेल तर एलएचसारखे काम करणाऱ्या एचसीजीच्या इंजेक्शनांनी, गरज पडल्यास एफएसएचची जोड देऊन, वृषणांनाच कामाला लावता येते. टेस्टोस्टेरॉन थेट टोचले तर तो रस्ता औषध चालू असेपर्यंत बंद होतो. रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉनच्या शेजारी एलएच, एसएचबीजी आणि रक्त घेतल्याची वेळ छापायला प्रयोगशाळांना फारसा खर्च येणार नाही. पॅकेजची विक्री मात्र थोडी कमी होईल.